‘अपडेट करा’ असे कोण म्हणते?

शाळेत नवा संगणक येतो. खोके उघडले जाते, तारा जोडल्या जातात, इंटरनेट सुरू होते आणि पहिल्याच दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात सूचनांची रांग लागते. ‘तुमची आवृत्ती जुनी झाली आहे.’ ‘तुमचे संरक्षण संपले आहे.’ ‘ताबडतोब अपडेट करा.’ सकाळी खोक्यातून काढलेले यंत्र दुपारपर्यंत जुने कसे झाले, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारतोच. प्रश्न अगदी रास्त आहे.

त्याचे उत्तर असे. संगणकात सॉफ्टवेअर कारखान्यातच भरलेले असते. त्यानंतर तो गोदामात, वाहतुकीत, दुकानात बराच काळ पडून राहतो. त्या काळात सॉफ्टवेअरमधल्या चुका सापडत राहतात आणि त्यांच्या दुरुस्त्याही निघत राहतात. म्हणून यंत्र नवे असले तरी आतले सॉफ्टवेअर मागे पडलेले असते. नव्या संगणकाला पहिल्या दिवशी खरोखरच अपडेटची गरज असते. खोट्या सूचना नेमका याच गर्दीचा फायदा घेतात. चार खऱ्या सूचनांत पाचवी खोटी मिसळली, तर ती सहज खपून जाते.

आपण पुस्तकाचे परीक्षण करतो, नाटकाचे करतो, पाठ्यपुस्तकातल्या धड्याचेही करतो. पडद्यावर उगवणाऱ्या या दोन ओळींच्या मजकुराचे परीक्षण मात्र कोणी करत नाही. वास्तविक आज शाळेत इतक्या वेळा वाचला जाणारा आणि वाचून लगेच काही कृती करायला लावणारा मजकूर दुसरा क्वचितच असेल. मोठ्या शहरातल्या कचेरीत संगणक सांभाळायला बहुधा वेगळा माणूस असतो. सूचना आली की त्याला हाक मारायची. बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातले रोहिणखेड घ्या किंवा तुमचे स्वतःचे गाव घ्या. अशा ठिकाणी हे काम बहुधा गणित किंवा विज्ञान शिकवणाऱ्या सरांकडे किंवा बाईंकडेच येते. सूचना बहुधा इंग्रजीत असते, तास सुरू असतो आणि मागे चाळीस मुले वाट पाहत असतात. तेव्हा ती नीट वाचायची कशी, हे आधीच ठरवून ठेवलेले बरे.

खऱ्या सूचनेचे मोल

पहिली गोष्ट म्हणजे, ‘सगळ्याच सूचना बंद करून टाका’ हा सल्ला चुकीचा आहे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती प्रसिद्ध केली. ती बसवा, अशी सूचना जगभर गेली. अनेकांनी ती बाजूला सारली. १२ मे रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनी, ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच त्रुटीतून संगणकांत शिरला. फायली कुलूपबंद करून तो त्यांच्या सुटकेसाठी पैसे मागू लागला. सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. इंग्लंडमधल्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या संगणकांवर मार्चमधली दुरुस्ती वेळेवर बसली होती, त्यांत या वाटेने त्याला शिरता आले नाही.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना खोटे बोलू नये म्हणून सांगतो. गावकऱ्यांच्या बाजूने ती वाचली, तर आणखी एक धडा मिळतो. खोट्या हाकांमुळे झालेले मोठे नुकसान दोन वेळच्या फुकट धावपळीचे नव्हते. तिसऱ्या वेळी कोणी धावले नाही, हे खरे नुकसान होते. दिशाभूल करणारी प्रत्येक सूचना आपल्याला खऱ्या सूचनेकडे दुर्लक्ष करायला शिकवते. तिच्यावरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

तीन नमुने

आता काही नेहमी दिसणारे नमुने पाहू.

पहिला नमुना: पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खालून एक चौकोन वर सरकतो. त्यात ढालीचे चित्र, लाल रंग आणि ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले, अपडेट करा’ अशा धर्तीचा मजकूर असतो. हे संगणकच सांगतो आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो चौकोन बहुधा एखाद्या संकेतस्थळाने पाठवलेला असतो. २०१५ पासून क्रोम ब्राउझरमध्ये आणि पुढे इतरही ब्राउझरमध्ये संकेतस्थळांना अशा सूचना पाठवण्याची सोय झाली. त्यासाठी तुमची परवानगी लागते. ती कशी मिळवतात? ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगून. कोणी एकदा ते बटण दाबले की पुढे त्या संकेतस्थळाला तुमच्या पडद्यावर केव्हाही फलक लावता येतो. गंमत म्हणजे खरी माहिती त्याच चौकोनात असते. अगदी बारीक अक्षरांत ब्राउझरचे आणि त्या संकेतस्थळाचे नाव लिहिलेले असते. मोठ्या अक्षरांतला मजकूर आपल्याला घाबरवतो आणि लहान अक्षरांतला तो कुणाचा आहे ते सांगतो. म्हणून वाचायला सुरुवात लहान अक्षरांपासून करावी. उपायही सोपा आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ असे जावे आणि अनोळखी संकेतस्थळांची परवानगी काढून घ्यावी.

याच जातीचा थोरला भाऊ म्हणजे सगळा पडदा व्यापणारे पान. त्यावर फुलीचे बटण असते, पण ती फुली कधीकधी नुसतेच चित्र असते. चित्रावर कुठेही टिचकी मारली तरी पाठवणाऱ्याला हवे तेच घडते. अशा वेळी चित्रातली फुली शोधू नये. ‘ऑल्ट’ आणि ‘एफ ४’ या कळा एकत्र दाबून ब्राउझरच बंद करावा.

दुसरा नमुना: ‘तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला आहे.’ एके काळी शाळांसाठीचे बरेच शैक्षणिक साहित्य फ्लॅशवर चालत असे. म्हणून ही सूचना शिक्षकांना ओळखीची वाटते. २०११ मध्ये मॅक संगणकांवर पसरलेला ‘फ्लॅशबॅक’ नावाचा प्रोग्राम सुरुवातीला याच सोंगात आला होता. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशला दिला जाणारा आधार बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशमधला मजकूर चालणेच थांबवले. त्यानंतर ‘फ्लॅश अपडेट करा’ असे म्हणणारी कोणतीही खिडकी कितीही सुबक असली तरी खोटीच. सूचनेचे दिसणे पाहून हे कळत नाही, विषयाची माहिती असली तरच कळते.

तिसरा नमुना सर्वांत अवघड आहे, कारण तो ठगांचा नाही. नव्या संगणकासोबत अनेकदा एखादे अँटीव्हायरस सॉफ्टवेअर ठरावीक मुदतीपुरते फुकट मिळते. मुदत संपत आली की ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’ असे इशारे सुरू होतात. यातला शब्दन्‌शब्द तपासला तर तो सरळ खोटा ठरत नाही. पण त्यात एक गोष्ट सांगायची राहिलेली असते. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून विंडोजमध्येच ‘डिफेंडर’ नावाचे संरक्षण आहे. मुदत संपलेले सॉफ्टवेअर काढून टाकले की ते आपोआप कामाला लागते. म्हणजे वाचणाऱ्याला वाटते तसे ‘पैसे भरा किंवा उघड्यावर पडा’ असे दोनच पर्याय नसतात. विक्रीची जाहिरात इथे आरोग्यखात्याच्या इशाऱ्याचा गणवेश घालून येते.

मोठ्यांचा दोष

अशा दिशाभुलीचा दोष फक्त छोट्या-मोठ्या ठगांवर टाकून चालणार नाही. २०१५ आणि २०१६ मध्ये विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांना विंडोज १० घ्या, असा आग्रह करणारी खिडकी वारंवार दिसत असे. मे २०१६ च्या सुमारास तिची रचना अशी झाली की कोपऱ्यातली फुली दाबून खिडकी बंद केली, तरी आधीच ठरवून दिलेल्या वेळी नवी प्रणाली बसण्याचे काम कायम राही. फुली म्हणजे ‘नको’ हा अर्थ वापरणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. इथे तिचा अर्थ ‘ठीक आहे’ असा झाला. टीका झाल्यावर कंपनीने त्या वर्षी जूनअखेरीस ही रचना बदलली. विंडोज १० ही प्रणाली वाईट नव्हती आणि ती घेणे बहुतेकांच्या हिताचेही होते. पण चांगली वस्तू गळ्यात मारण्यासाठी चिन्हाचा अर्थ बदलला, की पुढच्या वेळी लोक चांगल्या वस्तूलाही संशयाने पाहतात. पुढच्याच वर्षी वॉनाक्राय आला. तेव्हा अपडेटच्या सूचनेवरचा लोकांचा विश्वास शाबूत असता, तर फार उपयोगी पडला असता.

दुसरे उदाहरण विज्ञानशिक्षकांना विशेष रुचेल. अमेरिकेत ऑफिस डेपो नावाच्या दुकानांच्या साखळीत गिऱ्हाइकाचा संगणक फुकट तपासून देत. सुरुवातीला चार प्रश्न विचारले जात: संगणक मंद झाला आहे का? तो मध्येच बंद पडतो का? खिडक्या फार उघडतात का? व्हायरसचे इशारे येतात का? मग यंत्र तपासले जात आहे असे दृश्य दिसे आणि शेवटी निकाल येई. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने चौकशी केली. त्याच्या म्हणण्यानुसार, चारपैकी एका जरी प्रश्नासमोर खूण केली असली तरी रोगाची लक्षणे सापडल्याचा निकाल ठरलेला होता. मधल्या तपासणीचा त्याच्याशी संबंध नव्हता. मार्च २०१९ मध्ये ही साखळी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचे तर हा तापमापक रुग्णाच्या अंगाला लावलाच नव्हता. ‘तुम्हाला बरे वाटत नाही ना?’ एवढे विचारून त्यावर १०२ लिहिले होते. असा तापमापक पकडायचा कसा? आपण नेहमी करतो तसाच, तुलनेसाठी दुसरा प्रयोग करून. ज्या संगणकात दोष नाही हे आधीच माहीत आहे, त्यावर तीच तपासणी करावी. तिथेही ‘दोष सापडले’ असे उत्तर आले, तर ती तपासणीच नव्हे. ‘तुमच्या संगणकात पाचशे त्रुटी आढळल्या’ असे सांगणाऱ्या कोणत्याही खिडकीला हा प्रश्न विचारता येतो: त्रुटी नसत्या, तर तू काय दाखवले असतेस?

खलित्यावरचा शिक्का

मग खरी सूचना ओळखायची कशी? रोहिणखेड हे घाटाच्या पायथ्याचे गाव आहे. १४३७ मध्ये इथे बहमनी आणि खानदेशच्या फौजांची लढाई झाली. फौजा ज्या वाटांनी जात, त्याच वाटांनी खलितेही जात. खलिता आणणारा माणूस दरबारी पोशाखात आहे, एवढ्यावर कोणी किल्ल्याचे दार उघडत नसे. खलित्यावरचा शिक्का पाहत. शिक्का ओळखता सगळ्यांना येतो, पण उमटवता एकालाच येतो, यात त्याची किंमत असते.

आजच्या अपडेटवर असाच शिक्का असतो. त्याला डिजिटल स्वाक्षरी म्हणतात. सॉफ्टवेअरच्या फायलीवर एक गणिती प्रक्रिया करून तिचा ठरावीक लांबीचा सारांश काढतात. फायलीतले एक अक्षर बदलले तरी सारांश पार बदलतो. हा सारांश कंपनी स्वतःजवळच्या गुप्त किल्लीने बंद करते. तिची जोडीदार किल्ली जाहीर असते. त्या जाहीर किल्लीने तुमचा संगणक शिक्का तपासतो. शिक्का जुळला नाही, तर विंडोजचे स्वतःचे अपडेट बसतच नाही. इतर प्रोग्राम बसवताना विंडोज परवानगी विचारते, तेव्हा प्रकाशकाचे नाव दाखवते. तिथे ‘अननोन’ असे दिसले तर थांबावे.

यातली सारांशाची कल्पना वर्गात संगणकाशिवायही दाखवता येते. हल्लीच्या पुस्तकांच्या मागे तेरा आकडी आयएसबीएन क्रमांक असतो. त्याचे आकडे डावीकडून क्रमाने १, ३, १, ३ असे गुणून बेरीज करा. बेरजेला दहाने नेमका भाग जातो. मधला एक आकडा बदलून पाहा, भाग जात नाही. एवढे मात्र लक्षात आणून द्या की ही युक्ती लिहिण्यातली चूक पकडते, लबाडी पकडत नाही. लबाड माणूस शेवटचा आकडाही जुळवून घेईल. म्हणूनच सारांशाबरोबर गुप्त किल्ली लागते.

शिक्क्यालाही मर्यादा आहे. खलिता कुणाचा हे तो सांगतो, आतला सल्ला शहाणा आहे की नाही हे सांगत नाही. त्याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेट व्यवस्थेतच घुसखोरांनी प्रवेश मिळवला. वापरणाऱ्यांनी अपडेट खऱ्याच ठिकाणाहून घेतले, तरी त्यातून ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम आला. तो डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात पसरला आणि मर्स्कच्या समूहाकडे असलेल्या, नवी मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातल्या मालधक्क्याचे काम ठप्प झाले. तिथल्या लोकांनी कोणतेही चुकीचे बटण दाबले नव्हते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. तिथे तर लबाडीही नव्हती, नुसती चूक होती. त्या दिवशी भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

मग अपडेट घेऊच नये का? तसे नाही. लसीचा क्वचित त्रास होतो म्हणून आपण लस टाळत नाही, पण त्रास होऊ शकतो हे गृहीत धरून तयारी ठेवतो. शाळेची तयारी म्हणजे गुणपत्रके आणि हजेरीच्या फायलींची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवणे आणि ती संगणकाला कायम जोडलेली न ठेवणे.

कायदा आणि वर्ग

अशा फसव्या रचनेची दखल सरकारने घेतली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून ग्राहकाला चकवणाऱ्या रचनांचे तेरा प्रकार नोंदवले. खोटी घाई, सारखा तगादा, वेश बदललेली जाहिरात हे त्यांतले काही. शेवटचा प्रकार तर आपल्या विषयाचाच आहे: संगणकात व्हायरस आहे असे भासवून बनावट उपायासाठी पैसे उकळणे. हे नियम ओळखीच्या, पत्ता असलेल्या कंपनीला लागू करता येतात. ज्याला पत्ताच नाही त्याला ते अडवू शकत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन चक्र २’ मध्ये देशभर छापे घातले. त्यात अशीही केंद्रे होती, जिथून परदेशी ग्राहकांच्या पडद्यावर सुरक्षेच्या इशाऱ्यासारख्या दिसणाऱ्या खिडक्या पाठवून दूरध्वनी करायला लावत. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते.

पण सर्वांत मोठा उपाय वर्गातच आहे आणि तिथे आपण कमी पडतो. संगणकाच्या तासाला बटण कुठे आहे ते आपण सांगतो. बटणावरचा मजकूर वाचायला शिकवत नाही. मराठीच्या तासाला उताऱ्यावर प्रश्न विचारतो, तसे या उताऱ्यावर का विचारू नयेत? एक आठवडा मुलांना पडद्यावर येणाऱ्या सूचना वहीत उतरवून घ्यायला सांगा. प्रत्येकीसमोर पाच रकाने काढा: हे कोण म्हणते? कशाची भीती दाखवते? किती घाई करते? आपल्याकडून काय मागते? आणि तीच गोष्ट सूचनेतले बटण न दाबता करता येते का?

पाचवा रकाना सर्वांत महत्त्वाचा. सूचना ही बातमी समजावी. बातमी खरी असेल तर ती दुसऱ्या वाटेनेही कळते. विंडोजचे अपडेट असेल तर खिडकी बंद करून आपण स्वतः सेटिंग्जमध्ये जावे आणि ‘विंडोज अपडेट’ उघडावे. ब्राउझरचे असेल तर ब्राउझरच्याच ‘अबाउट’ पानावर पाहावे. तिथे अपडेट दिसले तर घ्यावे, न दिसले तर सूचना खोटी होती. या रीतीत खरी सूचना वाया जात नाही आणि खोटीला आपला हात मिळत नाही. इंग्रजी कमी येते म्हणून अडतही नाही, कारण मजकुराच्या गोडीवर किंवा धाकावर निर्णय ठरत नाही.

या रीतीचा पहिला सराव करायला एक चांगले उदाहरण हाताशी आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. शाळांतल्या जुन्या संगणकांवर त्याविषयीची सूचना दिसते. तीही घाबरवते आणि नवे काही घ्यायला सुचवते. ती खरी की खोटी, हे मुलांना शोधू द्या. खरी ठरली, तर तीच तारीख सांगून पैसे मागणारी दुसरी खिडकीही खरी ठरते का, हेही विचारा. तुमच्या वर्गात काय उत्तरे आली ते जरूर कळवा.